न धुतलेलं फडकं

जोडारीच्या खांद्यावरचं फडकं धुतलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बायको जिवंत असताना तिनं एकदा ते साबणाच्या पाण्यात बुचकळलं, तर हा गृहस्थ दिवसभर जेवला नाही. "अहो, फडकंच आहे ना ते?" ती म्हणाली. "तुला फडकं, मला हत्यार," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. फडकं दाराबाहेरच्या खिळ्यावर आणि नवरा दाराच्या आत, एवढी एकच अट तिनं शेवटपर्यंत पाळून घेतली.

कारखान्यात सुटे भाग एकमेकांत बसवणाऱ्याला जोडारी म्हणतात. याला नटबोल्टातलं ओ की ठो कळत नव्हतं. हा घोड्याला घोडं जोडायचा. गावाबाहेरच्या तळ्याकाठी हौशी लोकांना फिरवून आणणाऱ्या दोन-दोन घोड्यांच्या गाड्या होत्या आणि त्या सगळ्या गाड्यांचे घोडे एकाच मोठ्या तबेल्यात बांधलेले असत. दोन घोड्यांनी एक गाडी ओढायची तर दोघांचं पटलं पाहिजे. एकाची चाल लांब आणि दुसऱ्याची तोकडी असली की गाडी वाकडी जाते, आणि एक दुसऱ्याला चावत असला तर जातच नाही. माणसांची लग्नं आपण उंची, रंग आणि पगार बघून लावतो आणि मग जन्मभर निस्तरत बसतो. घोडं असं नांदत नाही. नाही पटलं तर सरळ लाथ घालतं.

जोडारीची पद्धत त्याच्या बापाकडून आलेली होती. सुरुवातीला दोन्ही घोड्यांना एकमेकांच्या नजरेलाही पडू द्यायचं नाही. फडक्यानं एकाची मान पुसायची, काखेतला घाम टिपायचा, नाक पुसायचं आणि तेच फडकं दुसऱ्याच्या नाकाशी धरायचं. मग दुसऱ्याचं पहिल्याकडे. हळूहळू दोघांच्या नाकाला एकमेकांची सवय लागते. मग शेजारी बांधायचं, मग एका बादलीतलं पाणी पाजायचं आणि सगळ्यात शेवटी गाडीच्या दांडीला जुंपायचं. मध्येच फडकं धुतलं की वास गेला, आणि वास गेला की पहिले पाढे पंचावन्न.

"घोडं खिंकाळलं म्हणून हुरळून जायचं नाही," तो लेकीला लहानपणापासून सांगायचा. "खिंकाळायला काय, ते चंदीचा डबा वाजला तरी खिंकाळतं. पण ओठ न उघडता, नाकातल्या नाकात गुरगुरलं ना, की समज जोडी जमली. ते गुरगुरणं फक्त आपल्या जोडीदारासाठी असतं." लेक तेव्हा चंदीच्या पिंपावर बसून पाय हलवत ऐकायची आणि स्वतःही नाकातून तसा आवाज काढून बघायची.

एवढा जोड्या जमवणारा माणूस, पण पोरीची जोडी त्याला जमली नाही. बघायला आलेला मुलगा नोकरीवाला होता, बोलायला गोड होता. तबेला दाखवायला नेलं तेव्हा एकामागून एक घोड्यांनी त्याला बघून कान मागे पाडले. जोडारीनं ते पाहिलं. घोडं कान मागे कशासाठी पाडतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण शब्द देऊन झाला होता, चार लोक घरी जेवून गेले होते. तो मूग गिळून बसला. पुढं जावई दुसऱ्या गावी कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. लेक ट्रंक घेऊन परत आली. तिनं बापाला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर जोडारीला बरं वाटलं असतं.

मग त्यानं तिच्या हातात लगाम दिला. तबेल्यातल्या लोकांनी आधी नाकं मुरडली, बाई गाडी हाकणार म्हणून टिंगल केली, पण जोडारीनं तिच्यासाठी थोरला आणि धाकटा ही अशी जोडी जमवून दिली की बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली. दोन्ही तांबूस घोडे, थोरला जरा वयानं मोठा आणि शहाणा, धाकटा थोडा वांड. वळणावर लेकीनं नुसती जीभ टाळ्याला लावली तरी दोघं एका पावलानं वळायचे. लेकीचं घर त्या आठ पायांवर उभं होतं, आणि खरं सांगायचं तर जोडारीची झोपही.

आणि मग धाकटा पोटदुखीनं गेला. एका दिवसात. सकाळी जमिनीवर लोळायला लागला आणि दिवे लागायच्या आत संपला.

थोरल्यानं हाय खाल्ली. शेजारच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून तो उभा राहायचा. तोंडाला चंदीचा तोबरा बांधला तरी दाणे तसेच राहायचे. कुणी दुसरं घोडं जवळ आणलं की मान फिरवायचा. लेकीनं होतं नव्हतं ते घालून एक नवी घोडी आणायचं ठरवलं. गाडीचा हंगाम तोंडावर आला होता, आणि एकट्या घोड्याची गाडी तिथं चालत नव्हती.

नेमक्या त्याच दिवसांत पलीकडच्या गावातल्या तबेल्यात घोड्यांना गाठींचा आजार आला. आधी ताप, मग नाकातून पिवळा दाट शेंबूड, मग जबड्याखाली आणि घशात गाठी. श्वास घेताना घरघर अशी की लांबून ऐकू यावी. बरीच घोडी गाठ फुटून बरी होतात, काही गुदमरून जातात. बातमी आली तशी जनावरांची डॉक्टरीणबाई मोटारसायकलवरून तबेल्यात आली आणि तिनं सगळ्यांना गवताच्या गंजीपाशी गोळा केलं. वयानं लहान होती, पण आवाज खणखणीत होता.

"हा आजार वाऱ्यावर उडत नाही येत," ती म्हणाली. "आपल्याच हातापायांनी चालत येतो. आजारी घोड्यानं तोंड घातलेली बादली दुसऱ्याला दिली, की झालं. नवं घोडं आलं की ते वेगळं. त्याची बादली, तोबरा, खरारा, दोर, सगळं त्याचं त्याला. त्याच्याकडे जायचं ते सगळ्यांत शेवटी. बाहेर पडताना हात साबणानं धुवायचे, बूट फिनेलमध्ये बुडवायचे. सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. आणि कुठल्याही घोड्याचं नाक दुसऱ्याच्या नाकाला लागता कामा नये."

"आणि हे सगळं बघणार कोण?" तबेल्याच्या मुकादमानं विचारलं.

सगळ्यांनी जोडारीकडे पाहिलं. त्याच्याएवढा घोड्यांवर जीव असलेला माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमतही नव्हती. डॉक्टरीणबाईनं लांबच्या पत्र्याच्या शेडची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"काका, डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या."

"मुंगी जाऊ देणार नाही, बाई," जोडारी म्हणाला.

आणि खरंच त्यानं मुंगी जाऊ दिली नाही. नवी घोडी आली, करड्या रंगाची, मोठ्या डोळ्यांची, तब्येतीनं ठणठणीत. वेगळी ठेवली म्हणून सगळे तिला पाहुणी म्हणायला लागले. जोडारीनं तिच्या बादलीला, खराऱ्याच्या दांड्याला, दोराच्या टोकाला लाल रंग फासला. शेडच्या दारात पत्र्याचा ट्रे ठेवून त्यात फिनेलचं पाणी भरलं. डॉक्टरीणबाईनं पाहुणीच्या नाकातलं पाणी तपासायला पाठवलं आणि निकाल येईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही असं बजावलं. खुद्द लेकीलासुद्धा त्यानं कुंपणाच्या अलीकडेच थांबवलं. "घोडी तुझी असेल, पण शेड माझी आहे," तो म्हणाला.

सगळ्यांत जास्त बोलणी खाल्ली ती गवतवाल्यानं. गवताचं वजन वाढावं म्हणून तो पेंढ्यांवर पाणी मारायचा, म्हणून त्याला सगळे ओल्या म्हणत. एके दिवशी तो मागच्या बाजूनं जवळचा रस्ता धरून पेंढी घेऊन आला, फिनेलच्या ट्रेला वळसा घालून.

"ए ओल्या! बूट कुणी बुडवायचे, तुझ्या आज्यानं?"

"दादा, बूट फाटकाय माझा. पाणी आत जातं."

"गवताला पाणी पाजताना बरं चालतं तुला! चल, बुडव आधी."

लोक हसले. ओल्याही हसला, आणि फाटक्या बुटासकट पाय फिनेलमध्ये घालून उभा राहिला.

इकडे थोरल्याची हाडं वर यायला लागली होती. लेक सकाळी तोबरा काढायची आणि न खाल्लेले दाणे हातानं उपसून परत डब्यात टाकायची. "बाबा, हा पाहुणीला भेटेपर्यंत टिकत नाही," ती म्हणाली. ती रडली नाही, पण तिनं तोबऱ्याची दोरी बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं. जोडारीनं ते पाहिलं. लग्नानंतर पोरीची ही दुसरी जोडीही आपल्या डोळ्यांदेखत मोडणार, असं त्याला वाटलं.

त्याच संध्याकाळी, सगळी कामं उरकल्यावर, नियमाप्रमाणे सर्वांत शेवटी तो पाहुणीकडे गेला. तिला लाल बादलीत पाणी दिलं, लाल दांड्याच्या खराऱ्यानं घासलं. आणि मग खांद्यावरचं फडकं काढून तिची मान पुसली, काख टिपली, नाक पुसलं.

बाहेर पडताना त्यानं साबणानं हात धुतले. बूट बुडवले. फडकं घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

त्याच्या मते यात नियम कुठंच मोडत नव्हता. घोड्याला घोडं भेटत नव्हतं. नाकाला नाक लागत नव्हतं. बादली नाही, तोबरा नाही, दोर नाही. जात होता तो नुसता वास, आणि वासानं कोण आजारी पडतं? फडकं उकळावं, फिनेलमध्ये बुडवावं, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण धुतलेल्या फडक्याचा उपयोग काय? एवढं मात्र खरं, की डॉक्टरीणबाईची मोटारसायकल वाजली की त्याचा हात आपोआप कोटाच्या खिशावर जायचा. चूक वाटत नव्हती तर झाकायचं कशाला, हे त्यानं स्वतःला तेव्हा विचारलं नाही.

सकाळी त्यानं ते फडकं थोरल्याच्या नाकाशी धरलं. थोरल्यानं आधी मान फिरवली. मग कान हलले. मग त्यानं मान परत वळवली आणि फडक्यात नाक खुपसून लांब श्वास घेतला. जोडारीनं त्याचा घाम टिपला, नाक पुसलं आणि संध्याकाळी ते फडकं पाहुणीकडे नेलं. असं रोज चाललं. थोरला रिकाम्या जागेकडे बघायचा थांबला आणि लांबच्या शेडच्या दिशेला तोंड करून उभा राहायला लागला.

"बाबा!" एका सकाळी लेक ओरडतच आली. "थोरल्यानं तोबरा रिकामा केला! दाणासुद्धा ठेवला नाही!"

"खाईल नाही तर काय करील," जोडारी म्हणाला. ती त्या दिवशी खूप महिन्यांनी गुणगुणत खरारा करत होती. तो भिंतीआड उभा राहून ऐकत राहिला, आणि त्याला वाटलं, चला, पोरीचं थोडं तरी देणं फिटलं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. थोरला सकाळी मान खाली घालून उभा होता. लेकीनं ताप पाहिला, काचेची नळी झटकली आणि पुन्हा लावून पाहिली. संध्याकाळपर्यंत नाकातून पिवळं यायला लागलं. डॉक्टरीणबाई आली, तिनं जबड्याखाली बोटं फिरवली आणि सरळ हात धुवायला गेली. थोरल्याला तिथल्या तिथं वेगळं केलं, पण त्याच्या शेजारच्या दावणीतल्या काही घोड्यांना तोवर लागण झाली होती. तळ्याकाठच्या गाड्या बंद झाल्या. हंगाम बुडाला. आणि मग पाहुणीच्या तपासणीचा निकाल आला.

"आजार हिच्यातच होता," डॉक्टरीणबाई सगळ्यांपुढे म्हणाली. "काही घोडी दुखणं काढून उठतात, वरून ठणठणीत दिसतात, पण घशाच्या आत ते घर करून बसलेलं असतं. म्हणूनच तर वेगळी ठेवली होती. आता प्रश्न एवढाच, की त्या शेडमधून ते इथं आलं कसं? घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते मला शोधायचंय. बादली बदलली? खरारा? कुणी हात न धुता आलं? काहीही चालतं या आजाराला. नाक पुसलेलं एवढंसं ओलं फडकंसुद्धा पुरतं."

जोडारी गंजीला टेकून उभा होता. फडकं कोटाच्या आत, काखेपाशी होतं, आणि ते अजून जरा दमट होतं. लोक बादल्या उलट्यापालट्या करून बघत होते, खराऱ्याचा लाल रंग तपासत होते, कोण कधी कुठून गेलं ते आठवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि ज्याच्या काखेत कळसा होता त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"विचारायचं काय त्यात?" मुकादम म्हणाला. "ओल्या! मागच्या दारानं कोण येत होतं? बूट बुडवायला कुणाला कंटाळा होता? जोडारीनं तुला सगळ्यांदेखत झापलं होतं की नाही?"

ओल्यानं जोडारीकडे पाहिलं. "दादा, त्यानंतर मी रोज बुडवले. तुम्ही बघितलंय. सांगा ना."

खरंच बघितलं होतं. फाटक्या बुटासकट, रोज. जोडारीनं तोंड उघडलं, आणि त्याला लेक दिसली. ती सगळ्यांच्या मागे उभी होती, हातात थोरल्याचा रिकामा तोबरा धरून.

"माझं लक्ष नसायचं प्रत्येक वेळी," जोडारी म्हणाला.

ओल्याचं गवत बंद झालं. त्यानं फार वाद घातला नाही. हातगाडी वळवून तो शेडच्या बाजूनं बाहेर पडला, आणि जाताना सवयीनं त्यानं बूट ट्रेमध्ये बुडवले.

थोरला पुढे दोन-तीन दिवस झगडला. बाकीच्या घोड्यांच्या गाठी पिकल्या, फुटल्या, डॉक्टरीणबाईनं धुतल्या आणि ते घोडे हळूहळू खायला लागले. थोरल्याच्या गाठी आतल्या बाजूला होत्या आणि हाय खाल्लेल्या अंगात ताकद उरलेली नव्हती. गरम पाण्याची वाफ दिली, इंजेक्शनं दिली, शेवटी श्वासासाठी गळ्याला भोक पाडायची तयारी चालली होती. लेक त्याची मान मांडीवर घेऊन भुशात बसली होती. दुपारी डॉक्टरीणबाई पिशवीतून सामान काढत असतानाच घरघर थांबली. लेकीनं त्याच्या आयाळीत तोंड घातलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही. जोडारी दाराशी उभा होता. आत जायचा त्याला धीर झाला नाही.

मग ती उठली. अंगावरचे कपडे तसेच, तिच्या आणि थोरल्याच्या घामानं भिजलेले. "पाहुणीला बघून येते," ती म्हणाली. "आता तिला लांब ठेवून काय उपयोग." जोडारी तिच्या मागे निघाला.

पाहुणी आतल्या अंगाला उभी होती. आल्यापासून तिनं कुणाला बघून आवाज केला नव्हता. लेकीनं दार लोटलं, वाऱ्याची झुळूक आत गेली, आणि पाहुणीचे कान ताठ झाले. ती दोन पावलं पुढे आली, लेकीच्या छातीशी, जिथं थोरल्याचं डोकं टेकलेलं होतं तिथं, नाक लावून तिनं लांब श्वास घेतला. आणि ओठ न उघडता, नाकातल्या नाकात, ती गुरगुरली.

लेक जागच्या जागी थिजली. तिनं पाहुणीच्या कपाळावर हात ठेवला. मग मागे न वळता विचारलं, "बाबा, हिला थोरल्याचा वास कसा माहीत?"

जोडारीचा हात कोटाच्या खिशावर गेला.

"फडकं फिरवलंत?"

"तो खात नव्हता गं, पोरी."

"फिरवलंत का, एवढंच विचारतेय."

"हो."

पाहुणी अजून तिच्या अंगाचा वास घेत होती. लेकीनं हात पुढे केला. जोडारीनं कोटाच्या आतून फडकं काढून त्या हातावर ठेवलं. तिनं ते नाकाशी नेलं, आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या फडक्यात दोघांचा वास होता.

"जमली होती हो जोडी," ती म्हणाली.

जरा वेळानं तिनं डोळे पुसले, बाहीनं, फडक्यानं नाही. "आणि ओल्याकाकांना सगळ्यांची बोलणी खाऊ दिलीत."

"माझ्या तोंडून निघालं नाही."

"माझ्या लग्नाच्या वेळीही तुमच्या तोंडून काही निघालं नव्हतं," ती म्हणाली. "मी पण होते तेव्हा तबेल्यात, बाबा. घोड्यांचे कान मलाही दिसतात. वाटलं, बाबा बोलतील. बाबा बोलले नाहीत, म्हणजे माझंच चुकत असेल."

एवढी वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं.

जोडारी तसाच मुकादमाकडे गेला आणि सगळ्यांपुढे सांगून टाकलं. "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं," मुकादम म्हणाला आणि त्यानं शेडच्या किल्लीसाठी हात पुढे केला. डॉक्टरीणबाई मात्र रागावली नाही. "काका, मी फडक्याबद्दल विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तुमच्या खांद्यावरच होतं, आणि मला दिसलं नाही." तिनं ते फडकं चिमट्यानं उचलून पिंपातल्या जाळात टाकलं. थोरल्याच्या दोर-तोबऱ्यांबरोबर तेही जळलं.

मग तो ओल्याच्या घरी गेला. ओल्या दारात बसून हातगाडीच्या चाकाला वंगण लावत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, काम न थांबवता.

"दादा, मला चोर म्हणाला असतात तर चाललं असतं," तो म्हणाला. "चोर तर मी आहेच, पाणी विकतो. पण घोडं नव्हतं मारलं मी. माझी नात विचारते, आजोबा, तुम्ही घोडा मारला का? तिला काय सांगू, ते तेवढं सांगून जा."

जोडारीनं त्या मुलीला समोर बोलावून सांगितलं. "तुझ्या आजोबांनी नाही. घोडा माझ्या फडक्यानं मेला," तो म्हणाला. ओल्याचं गवत पुन्हा सुरू झालं, कोरडं यायला लागलं, पण जोडारी दिसला की तो हातगाडी दुसऱ्या बाजूनं न्यायचा.

तबेल्यात जोड्या जमवायचं काम जोडारीकडून गेलं. कुणी काढून घेतलं नाही. त्याला कुणी बोलावलं नाही, एवढंच. लेक त्याच्याशी बोलायची, जेवण वाढायची, औषध घेतलं का विचारायची. तबेल्याबद्दल मात्र चकार शब्द काढायची नाही. पाहुणीचा घसा डॉक्टरीणबाईनं पुन्हा पुन्हा धुतला, पुन्हा पुन्हा तपासला, आणि ती पूर्ण बरी झाल्याचं सांगितलं. मग लेकीनं मुकादमाच्या ओळखीनं एक तरुण घोडा आणला आणि, रीतसर वेगळा ठेवून झाल्यावर, पाहुणीच्या शेजारी बांधला. पाहुणीनं त्याला जवळ येऊ दिलं नाही. दात दाखवले, लाथा झाडल्या. लेक रोज दोघांना कुंपणाच्या दोन बाजूंनी फिरवायची, आणि रोज पाहुणी मान फिरवायची. हे सगळं जोडारीला इतरांकडून कळत होतं.

थंडी पडली तशी त्यानं खुंटीवरचा कोट काढला. डॉक्टरीणबाईनं सगळ्यांना कपडे उकळायला सांगितले होते. बाकीचे त्यानं उकळले होते. कोट लोकरीचा, उकळला तर आक्रसेल, असं सांगून त्यानं तो दिवसचे दिवस कडक उन्हात टाकला होता. आक्रसण्याचं कारण खरं होतं, पण सगळं खरं ते नव्हतं. आतल्या खिशाशी नाक नेलं की अजून थोरला सापडायचा.

तो कोट घालून एका सकाळी तो तळ्याकडे फिरायला निघाला. रस्ता तबेल्याच्या कुंपणाला लागूनच होता. आत लेक तरुण घोड्याला धरून उभी होती आणि पाहुणी पलीकडे चरत होती. जोडारी आपला खाली मान घालून चालला होता. पाहुणीनं एकदम डोकं वर केलं. ती कुंपणापर्यंत धावत आली, लाकडांमधून नाक बाहेर काढून त्याच्या कोटाला लावलं आणि नाकातल्या नाकात गुरगुरली. तरुण घोडा तिच्या मागे येऊन थांबला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

जोडारीनं तिच्या नाकावर हात ठेवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. लेक कुंपणाजवळ आली होती. तिनं पाहुणीकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "कोट धुवा."

"आक्रसेल गं."

"आक्रसू दे. मी नवा आणीन. पण धुवा."

घरी येऊन त्यानं चुलीवर मोठं पातेलं चढवलं. पाणी उकळल्यावर त्यानं कोट त्यात टाकण्याआधी एकदा आतल्या खिशात तोंड घातलं आणि मग टाकला. साबणाचा फेस वर येईपर्यंत तो काठीनं ढवळत राहिला. मग पाणी बदललं आणि पुन्हा उकळला. दोरीवर टाकला तेव्हा कोट त्याच्या नातवंडाला बसेल एवढा झाला होता, आणि नातवंड तर त्याला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो शालीत अंग गुंडाळून त्याच वेळी, त्याच कुंपणाजवळून गेला. पाहुणीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा चरायला लागली.